नर्सिंग कॉलेज वाढवायचंय: पाच वर्षांच्या प्लॅनच्या नोंदी

6 जानेवारी 2025, सोमवार

ऑर्डर हातात आली. विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या पर्स्पेक्टिव्ह प्लॅनमध्ये नर्सिंग कॉलेजचा भाग लिहायची जबाबदारी माझ्याकडे. कमिटीत प्रिन्सिपल मॅडम, हॉस्पिटलच्या मेट्रन मॅडम, अकाउंट्सचे एक सर आणि सेक्रेटरी म्हणून मी, म्हणजे मिनिट्स लिहिणार मी, झेरॉक्स काढणार मी, वर लेबर वॉर्ड आणि पीडियाट्रिकच्या पोस्टिंग नेहमीप्रमाणे चालूच. म्हणून या नोंदी ठेवतेय, नाहीतर मार्चमध्ये कोणी विचारलं की हे कधी ठरलं तर सगळे एकमेकांकडे बघत बसतील.

पहिल्या मीटिंगमध्ये एकच आकडा फिरत होता. बी.एस्सी. नर्सिंगचा इंटेक, म्हणजे दर वर्षी घ्यायच्या विद्यार्थ्यांची संख्या, 60 आहे तो 100 करायचा. नवीन बिल्डिंगचं ड्रॉइंग आधीच तयार होतं, चार मजले, लिफ्ट, समोर कारंजं. कारंजं कशाला ते कोणी विचारलं नाही. मी एवढंच विचारलं की हे वाढीव 40 जण सकाळी आठ वाजता कुठल्या वॉर्डात उभे राहणार. रजिस्ट्रार सर म्हणाले, ते तुम्हीच लिहा.

तर तेच लिहितेय.

9 जानेवारी

आज नुसती आकडेमोड. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या, म्हणजे आयएनसीच्या नॉर्म्सप्रमाणे शिकवणारे आणि विद्यार्थी 1:10. आत्ता चार वर्षांचे मिळून 240, म्हणजे 24 फॅकल्टी. इंटेक 100 झाला की चौथ्या वर्षी 400, म्हणजे 40. ट्युटरच्या पोस्ट 40 ते 60 इंटेकला 10 ते 18 लागतात, 61 ते 100 ला 19 ते 28. प्राध्यापक आणि असोसिएट वेगळे.

वॉर्डात विद्यार्थी आणि पेशंट 1:3, आणि बेड ऑक्युपन्सी किमान 75 टक्के. आता सेकंड इयर आणि थर्ड इयर दोन्ही बॅच एकाच सकाळी पोस्टिंगला असतील तर 60 अधिक 60, त्याला तिनाने गुणलं की 360 पेशंट पाहिजेत. रिकामे बेड नाही, पेशंट झोपलेले बेड. 100 इंटेकला हाच हिशोब 600 वर जातो. आमच्या गेटवरच्या बोर्डावर बेडची संख्या मोठी आहे, पण मला सकाळचा सेन्सस, म्हणजे प्रत्यक्ष भरती असलेल्या पेशंटची मोजणी पाहिजे, बोर्ड नको. मेट्रन मॅडमकडे रोजच्या सेन्ससची वही मागितली, त्या हसल्या आणि म्हणाल्या, ही वही मागणारी तू पहिलीच.

17 जानेवारी

सेन्सस मिळाला, वॉर्डवाइज. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो इथे चिंता नाही, पेशंट भरपूर. अडचण अगदी दोन-तीन जागी आहे पण ती असली आहे की बाकी सगळा प्लॅन तिथेच अडकतो.

एक, लेबर रूम. तिथे एका टेबलाभोवती कोण कोण उभं असतं ते एकदा मॅनेजमेंटने येऊन बघावं. पीजी डॉक्टर, इंटर्न, एमबीबीएसचे विद्यार्थी, आमच्या बी.एस्सी.च्या मुली, जीएनएम डिप्लोमाच्या मुली, मध्येच एएनएम या छोट्या कोर्सच्या. बाई बिचारी कळा देतेय आणि दहा डोकी वाकून बघताहेत. प्रायव्हसी, रिस्पेक्टफुल मॅटर्निटी केअर हे सगळं आम्ही वर्गात शिकवतो आणि मग तिथेच ते मोडतो. लॉगबुकात ठरलेल्या डिलिव्हऱ्या स्वतःच्या हाताने करायच्या असतात आणि मुलींना त्या मिळवायला नाइट मागून घ्याव्या लागतात, कारण रात्री गर्दी कमी.

दोन, सायकियाट्री. आमच्या हॉस्पिटलचा सायकियाट्री वॉर्ड छोटा, त्यामुळे बॅच बाहेर पाठवावी लागते, आणि राज्यात सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. प्रत्येक कॉलेजची बॅच तिथेच रांगेत. इंटेक वाढला की तारखा, बस, राहायची सोय सगळंच वाढणार.

तीन, पीडियाट्रिक. माझाच विभाग, त्यामुळे जास्त बोलत नाही. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, एका वेळी किती जणींना आत सोडता येतं हे इन्फेक्शन कंट्रोल ठरवतं, इंटेक नाही.

28 जानेवारी

प्लॅनच्या पहिल्या प्रकरणात "संस्थेची वाटचाल" असं काहीतरी लागतं, ते लिहायच्या निमित्ताने इतर ठिकाणी विद्यापीठातलं नर्सिंग कसं वाढलं ते वाचत बसले. नर्सिंगच्या पुस्तकांत 1891 साली ट्रेनिंगला आलेल्या बाई काशीबाई गणपत पहिल्या भारतीय शिकाऊ नर्स म्हणून येतात, आणि परीक्षेत एका मार्काला विचारलं की आपण त्यांना विसरून जातो.

मला तमिळनाडूतलं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. मिशनरी डॉक्टर इडा स्कडर यांनी तिथे नर्सिंग स्कूल 1909 मध्ये सुरू केलं आणि मेडिकल स्कूल 1918 मध्ये, म्हणजे नर्सिंग थोरलं! आमच्याकडे नर्सिंग कॉलेज नेहमी मेडिकलच्या मागच्या बाजूला, पार्किंगच्या पलीकडे. त्याच 1909 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने नर्सिंग स्कूल काढलं, आणि 1923 मध्ये येलने स्वतंत्र डीन देऊन काढलं, ॲनी गुडरिच, पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा. येलची गोष्ट मी मुद्दाम प्लॅनमध्ये घालणार आहे, कारण तिथे मुद्दा हा होता की शिकाऊ मुलगी ही हॉस्पिटलची फुकटची कामगार नाही, ती विद्यार्थिनी आहे आणि तिच्या शिक्षणाला वेगळं बजेट लागतं. शंभर वर्षं झाली, आमच्याकडे अजून स्टाफ कमी पडला की पहिला फोन कॉलेजला येतो, "थर्ड इयरच्या चार मुली पाठवा ना."

आपल्याकडे डिग्रीचं नर्सिंग 1946 मध्ये आलं, दिल्लीत, जे पुढे राजकुमारी अमृत कौर कॉलेज झालं, आणि वेल्लोरला. एम.एस्सी. 1959 ला, दिल्लीतच. 1946 मध्येच देशाच्या आरोग्यसेवेवरचा भोर समितीचा रिपोर्ट आला, त्यात लिहिलंय की देशात 43,000 माणसांमागे एक नर्स आहे आणि ती 500 मागे एक पाहिजे. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज 1964 चं. प्रिन्सिपल मॅडमना हे सगळं सांगितलं तर म्हणाल्या, छान आहे, पण दीड पानात बसव.

1 फेब्रुवारी, शनिवार

बजेट ऐकत ऐकत पेपर तपासले. पुढच्या एका वर्षात मेडिकलच्या 10,000 जागा वाढणार आणि पाच वर्षांत 75,000. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचे टाळ्यांचे इमोजी. माझ्या डोक्यात फक्त लेबर रूम. आमच्या मेडिकल कॉलेजनेही जागा वाढवून मागितल्या तर त्याच टेबलाभोवती आणखी डोकी, आणि रांगेत आधी कोण उभं राहणार हे सांगायला नको.

2023 च्या बजेटमध्ये नर्सिंगचं आलं होतं, 2014 नंतर झालेल्या 157 मेडिकल कॉलेजांशेजारी 157 नर्सिंग कॉलेजं, एप्रिल 2023 ला कॅबिनेटने 1,570 कोटी मंजूर केले, प्रत्येक कॉलेजला 10 कोटी, वर्षाला साधारण 15,700 नर्स. म्हणजे सरकारी, कमी फीची कॉलेजं वाढणार. हे मी प्लॅनमध्ये ठळक लिहिलं, कारण मॅनेजमेंट असं धरून चाललंय की जागा वाढवल्या की भरणारच. गडचिरोली, यवतमाळ, नांदेडहून मुली आमच्याकडे इतक्या लांब येतात कारण जवळ सीट मिळत नाही. जवळ मिळाली तर कशाला येतील? ज्या येतील त्या शिकवणं चांगलं आहे म्हणून येतील, कारंज्यासाठी येणार नाहीत.

11 फेब्रुवारी

सिम्युलेशन लॅब, म्हणजे पेशंटऐवजी पुतळ्यांवर सराव करायची खोली. या विषयावर सगळ्यांना मत आहे. मशीनवाल्यांचं प्रेझेंटेशन झालं, श्वास घेणारा, घाम येणारा, डोळे मिचकवणारा पुतळा दाखवला, किंमत ऐकून अकाउंट्सच्या सरांनाच घाम आला.

माझं म्हणणं मी मांडलं. महाग पुतळा एकच येणार, तो काचेच्या खोलीत राहणार, आणि किल्ली एकाकडे. त्यापेक्षा साध्या, टिकाऊ वस्तू जास्त घ्या. मामानॅटली नावाचा सेट आहे, तो शिकवणारीने स्वतःच्या पोटाला बांधायचा आणि आतून बाळ बाहेर ढकलायचं, बाटलीतून लाल पाणी सोडून पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, दाखवता येतं, आणि ती बाई बोलते, ओरडते, घाबरते कारण ती खरी बाई आहे. त्याचं बाळ निओनॅटली, त्यात कोमट पाणी भरलं की खऱ्या बाळासारखं जड लागतं, मान सांभाळावी लागते. मुलींच्या हाताला ती सवय लेबर रूममध्ये जायच्या आधी लागते. आमच्या एका सेकंड इयरच्या मुलीने ते बाळ हातात घेतल्यावर आपोआप त्याला थोपटायला सुरुवात केली, सगळा वर्ग हसला.

पण एक गोष्ट लिहून ठेवते कारण मीटिंगमध्ये गोंधळ झाला. 2021 च्या नवीन सिलॅबसमध्ये, सेमिस्टर सिस्टिम आली तेव्हापासून, एक क्रेडिट थिअरी म्हणजे 20 तास, लॅबचं एक क्रेडिट 40 तास आणि क्लिनिकलचं एक क्रेडिट 80 तास. म्हणून कोणी म्हणालं की सिम लॅब झाली की वॉर्डाचे तास वाचतील आणि इंटेक वाढवता येईल, तर ते होत नाही. क्लिनिकलचे तास लॅबवर ढकलून मोकळं होता येत नाही. सिम लॅबने वॉर्डातली वेळ चांगली वापरली जाते, कमी होत नाही.

गुरुग्रामला आयएनसीचं नॅशनल रेफरन्स सिम्युलेशन सेंटर आहे, तिथे दोन ट्युटर ट्रेनिंगला पाठवायचे असं ठरलं. माझ्या मते पुतळ्याआधी हे. सिम्युलेशन झाल्यावर वर्तुळ करून जे बोलायचं असतं, ते डीब्रीफिंग, तेच खरं शिकवणं, आणि ते आम्हाला कोणालाच नीट येत नाही. आम्ही लगेच "तू हे चुकलीस" वर येतो.

25 फेब्रुवारी

आज सगळ्यात महत्त्वाची मीटिंग आणि सगळ्यात कमी लोक हजर.

शिक्षक. एम.एस्सी. केलेली मुलगी ट्युटर म्हणून येते, वर्ष-दीड वर्ष राहते, मग सरकारी भरती निघते किंवा एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा क्लिअर होते किंवा ओईटी ही इंग्लिशची परीक्षा देऊन परदेशी जाते. जाऊ नये तर काय करावं? पगारात आणि आयसीयूच्या स्टाफच्या पगारात फारसा फरक नाही, आणि वर इन्स्पेक्शनच्या फाइली. 24 वरून 40 ला जायचं म्हटलं तर जाहिरात देऊन भागणार नाही.

मग मी वेल्लोरचं मॉडेल मांडलं. तिथे कॉलेज आणि हॉस्पिटलचं नर्सिंग एकमेकांत गुंफलेलं आहे, शिकवणारे लोक वॉर्डाची जबाबदारीही घेतात. आमच्याकडे ट्युटर वॉर्डात पाहुणी असते. ती मुलींना घेऊन येते, कोपऱ्यात उभी राहते, सिस्टर म्हणतात "आमच्या औषधांच्या वेळेत नको," आणि वर्गात शिकवलेलं सगळं अकरा वाजेपर्यंत हवेत जातं. पुस्तकात सांगितलेलं कॅथेटर केअर वेगळं आणि वॉर्डात चालणारं वेगळं, मुलीला दोन्ही दिसतं आणि ती शहाणी असते, ज्याला मार्क ते वहीत आणि जे चालतं ते हातात.

प्रस्ताव असा: एक, प्रत्येक मोठ्या वॉर्डात दोन सीनियर स्टाफ नर्सेसना प्रीसेप्टर, म्हणजे वॉर्डातच मुलींना शिकवणाऱ्या, करायचं, ट्रेनिंग देऊन, ऑर्डर काढून, मानधन देऊन. दोन, असिस्टंट प्रोफेसर आणि वरच्यांनी आठवड्यातून ठरलेला वेळ एका वॉर्डाची क्वालिटी सांभाळायची, तिथल्या इन्चार्जबरोबर.

मेट्रन मॅडम इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाई गं, माझ्या सिस्टर आत्ताही शिकवतातच की तुमच्या मुलींना. फक्त त्याचे पैसे नाहीत आणि नावही नाही." यावर कोणी काही बोललं नाही. मिनिट्समध्ये मी हे वाक्य जसंच्या तसं घातलं. प्रिन्सिपल मॅडमनी काढायला सांगितलं, मग स्वतःच म्हणाल्या राहू दे.

13 मार्च, होळी

होस्टेल. छोटी नोंद, पण रेक्टर बाईंचं ऐकून डोकं बधिर झालं. नाइट करून आलेली मुलगी सकाळी झोपते आणि त्याच खोलीतल्या इतर जणी आठच्या ड्युटीला तयार होत असतात, तर ती झोपणार कशी. इंटेक वाढला तर आधी नाइटवाल्यांसाठी वेगळी, अंधार होणारी खोली. खर्च किरकोळ, पडदे आणि पंखे. प्लॅनमध्ये टाकलं.

मुलांचं होस्टेल नाहीच, बाहेर रूम करून राहतात. ब्रदर लोकांची संख्या दर वर्षी थोडी वाढतेय, पण एम्सच्या भरतीत पुरुषांना 20 टक्केच जागा, त्यामुळे पालक विचारतात, सर, मुलाला घालू का नको. मला सर म्हणतात फोनवर, जाऊ दे.

24 मार्च

नवीन कोर्सेस. यादी मोठी होती, मी ती छोटी केली त्यामुळे थोडी वाईट ठरले.

एनपीसीसी, म्हणजे क्रिटिकल केअरमधली नर्स प्रॅक्टिशनर, दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स, बहुतेक वेळ आयसीयूतच. हा घ्यावा असं माझं ठाम मत, कारण आमच्याकडे आयसीयू चांगले आहेत आणि या मुली रेसिडेंट म्हणून तिथेच काम करत शिकतात, ज्युनियर बॅचलाही शिकवतात. प्रश्न एकच की कोर्स झाल्यावर हॉस्पिटल त्यांना पोस्ट काय देणार. नर्स प्रॅक्टिशनर शिकवून परत स्टाफ नर्सच्याच रोटाला लावायचं असेल तर कशाला दोन वर्षं घालवायची? मेडिकल सुपरिटेंडंट सरांकडून लेखी मागितलंय की पोस्ट तयार करू. अजून आलेलं नाही.

मिडवायफरीचं नर्स प्रॅक्टिशनरचं, 18 महिन्यांचं, 2018 च्या केंद्राच्या गाइडलाइन्सनंतर आलं. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने यात जे काम केलंय ते बघण्यासारखं आहे, नॉर्मल डिलिव्हरी मिडवाइफने सांभाळायची, डॉक्टर गरज लागली की. आमच्या लेबर रूमच्या गर्दीवरही खरं उत्तर हेच असू शकतं. पण ऑब्स्टेट्रिक्सवाले तयार नाहीत, सध्या दुसऱ्या टप्प्यात ठेवलं.

पीएच.डी. सेंटर, इंटरनॅशनल टाय-अप वगैरे, दोन ओळींत संपवलं.

4 एप्रिल

जर्मनी. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून पालकांचा पहिला प्रश्न जर्मनी. मॅनेजमेंटला प्रॉस्पेक्टसवर विमान पाहिजे. मी म्हटलं विमान नको, जर्मन भाषेचा वर्ग घाला, कारण तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला बी2 लेव्हलच्या आसपास भाषा लागते आणि ती फायनल इयरला घाईघाईत होत नाही. दुसऱ्या वर्षापासून, ऐच्छिक, कॉलेजच्या वेळेत.

पण मराठी मीडियममधून आलेल्या मुलींची पहिल्या सेमला इंग्लिशनेच दमछाक होते, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी सगळं इंग्लिशमध्ये. कम्युनिकेटिव्ह इंग्लिशचा पेपर आहे, पण त्यात पत्रलेखन होतं, पेशंटची हँडओव्हर देणं होत नाही. म्हणून पहिले सहा आठवडे ब्रिज क्लास, त्यात इंग्लिश आणि औषधांच्या डोसची गणितं. या एका गोष्टीला एकमताने मंजुरी मिळाली, बहुधा फुकट होती म्हणून.

16 एप्रिल

कायद्याचा भाग लिहिला. नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशन ॲक्ट 2023 मध्ये संसदेत पास झाला, 1947 च्या आयएनसी कायद्याची जागा घेण्यासाठी. त्यात तीन बोर्ड आहेत, शिक्षणाचं, असेसमेंट आणि रेटिंगचं, आणि एथिक्स व रजिस्ट्रेशनचं. आपल्या कामाचं मधलं. रेटिंग म्हणजे कागदावरचे शिक्षक आणि वॉर्डातले शिक्षक यातला फरक दाखवायला कोणीतरी येणार. मी लिहिलं की आत्तापासून रोज क्लिनिकल हजेरी, प्रीसेप्टर, पेशंट संख्या एका साध्या शीटमध्ये भरा. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री रजिस्टर भरायची जी सगळ्या कॉलेजांची परंपरा आहे, तिला तेव्हा फार वेळ लागेल.

12 मे, नर्सेस डे

सकाळी लॅम्प लायटिंग, केक, भाषणं. डब्ल्यूएचओचा नवीन स्टेट ऑफ द वर्ल्ड्स नर्सिंग रिपोर्ट आजच आला. 2023 मध्ये जगात 2 कोटी 98 लाख नर्स, तरी 58 लाख कमी, आणि 78 टक्के नर्स अशा देशांत जिथे जगाची 49 टक्केच लोकसंख्या राहते. प्रमुख पाहुण्यांनी यातला 58 लाखच घेतला आणि म्हणाले म्हणून आपण सीट वाढवल्या पाहिजेत. मी दुसरा आकडा लिहून ठेवला. आपण वाढवू, त्या जातील. जाऊ देत, त्यांचा हक्क आहे, पण मग इथल्या वॉर्डात थांबावंसं वाटेल असं काही प्लॅनमध्ये हवं की नको?

20 मे

बोर्डासमोर मांडलं. दोन तास. निकाल असा:

इंटेक 100 हे उद्दिष्ट राहिलं, पण अर्ज या वर्षी करायचा नाही. आधी ट्युटरच्या पोस्ट भरायच्या आणि दोन बाहेरच्या हॉस्पिटलांशी मॅटर्निटी पोस्टिंगचा करार करायचा, त्यात एक तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग अर्ज. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं. एनपीसीसीचा प्रस्ताव पुढे गेला, पोस्टच्या पत्राची अट घालून. मिडवायफरी पुढच्या वर्षी. सिम लॅबला मी मागितलं त्याच्या निम्मे पैसे, पण महाग पुतळा रद्द, त्यामुळे मला चालेल.

प्रीसेप्टरचं मानधन मंजूर झालं, रक्कम कमी आहे, पण पगाराच्या स्लिपवर वेगळी ओळ येणार आहे. अकाउंट्सच्या सरांनी विचारलं की ओळीला नाव काय द्यायचं, मेट्रन मॅडमनी लगेच सांगितलं, "शिकवण्याचा भत्ता लिहा, साधं."

त्यांच्याकडून प्रीसेप्टरच्या पहिल्या बॅचची नावं 2 जूनपर्यंत पाहिजेत. लेबर रूम आणि एनआयसीयू आधी.